बाई, एक शंका आहे : लोंबत्या साखळीचा आकार

मागच्या अंकात अन्वस्ताबद्दल (म्हणजे पॅराबोला, वर फेकलेल्या चेंडूच्या वाटेचा वक्र) लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले : "दसऱ्याला दारावर लावलेली झेंडूची माळ पाहा, तीही अन्वस्तच." या खेपेला सगळ्यांत जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. त्यांतल्या एका पत्राने ते वाक्य चूक ठरवलं आहे आणि ते पत्र बरोबर आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर लोंबणाऱ्या साखळ्यांना, दोऱ्यांना आणि तारांना दिलं आहे.

प्रश्न : बाई, मी अकरावी सायन्सला आहे. तुमचं माळेबद्दलचं वाक्य वाचून आमच्या मोत्या कुत्र्याची साखळी घेतली आणि भिंतीवर कागद चिकटवून तिच्यापुढे टांगली. साखळी १६० सेंटिमीटर. दोन खिळे एका पातळीत, ९१ सेंटिमीटर अंतरावर. मधोमध झोळ बरोबर ६० सेंटिमीटर आला. मग तळाचा बिंदू आणि खिळा यांच्या आडव्या अंतराच्या निम्म्यावर साखळी तळापासून किती उंच आहे ते मोजलं. अन्वस्त असेल तर उंची आडव्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा निम्म्यावर ती ६० च्या पाव, म्हणजे १५ यायला हवी. माझी १२ च येते. तीनदा मोजलं. माझं काय चुकतंय?
ता. क. : दुकानातल्या काट्यावर साखळीचं वजन ४८० ग्रॅम भरलं. म्हणजे प्रत्येक खिळ्यावर २४० ग्रॅमचा ताण, बरोबर ना?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुझं काहीच चुकलेलं नाही. चुकलं ते माझं वाक्य. छापलेल्या वाक्यावर विसंबून न राहता तू कागद लावून मोजलंस, आणि आकडा जुळला नाही तेव्हा तो ओढूनताणून जुळवला नाहीस, याचा मला किती आनंद झाला ते इथे लिहून सांगता येणार नाही.

आता कारण बघू. साखळीचा सर्वांत खालचा बिंदू त. तिथून उजवीकडे वर चढत गेलं की वाटेत कुठेही एक बिंदू घे, त्याला प म्हणू. फक्त त ते प एवढा तुकडा बघायचा, बाकीची साखळी झाकून टाकायची. या तुकड्यावर तीनच बलं आहेत. त पाशी डावीकडची साखळी त्याला आडवं खेचते. प पाशी वरची साखळी त्याला स्पर्शिकेच्या दिशेने तिरकं वर खेचते. आणि तुकड्याचं वजन सरळ खाली. तुकडा तर जागचा हलत नाही. तेव्हा तिरक्या ताणाचा आडवा हिस्सा त पाशी असलेल्या आडव्या ताणाएवढा, आणि उभा हिस्सा वजनाएवढा असलाच पाहिजे. उभ्याला आडव्याने भागलं की प पाशी साखळीचा चढ मिळतो :

चढ = त ते प तुकड्याचं वजन ÷ आडवा ताण

आडवा ताण साखळीभर एकच असतो. प वर सरकेल तसं बदलतं ते वजन. आणि इथे तो प्रश्न येतो जो मी मागच्या महिन्यात स्वतःला विचारायला हवा होता : हे वजन कशावर वाटलं आहे?

अन्वस्ताचा चढ आडव्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अन्वस्त यायचा असेल, तर दर आडव्या सेंटिमीटरमागे वजन सारखं पाहिजे. साखळीचं वजन मात्र तिच्या स्वतःच्या लांबीवर वाटलेलं असतं. तळाशी ती जवळजवळ आडवी आहे, तिथे एका आडव्या सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर साखळी मावते. खिळ्यापाशी ती उभी होत जाते. तुझ्या मापांत खिळ्याला लागून असलेल्या एका आडव्या सेंटिमीटरमध्ये सुमारे साडेतीन सेंटिमीटर साखळी आहे. तेवढं वजन तिथे वाढलं, म्हणून चढही तिथे झपाट्याने वाढला. परिणामी साखळी अन्वस्तापेक्षा तळाशी पसरट आणि खिळ्यांपाशी उभट होते. तुझे हरवलेले तीन सेंटिमीटर त्या पसरटपणात गेले.

आकड्यांत सांगते. अर्धी साखळी ल = ८०, झोळ झ = ६०. यांवरून एक लांबी काढायची, तिला अ म्हणू :

अ = (ल² – झ²) ÷ २झ = (६४०० – ३६००) ÷ १२० = २३.३३ सेंटिमीटर

ही अ म्हणजे काय? जेवढ्या साखळीचं वजन आडव्या ताणाएवढं भरेल तेवढी लांबी. साखळीचा सगळा आकार या एका संख्येत आहे. चढाचं समीकरण आता 'चढ = त पासूनची साखळीची लांबी ÷ अ' असं होतं, आणि ते सोडवल्यावर (बारावीत विकल समीकरणं आली की तूच सोडवशील) हे मिळतं :

य = (अ ÷ २) × [ई^(क्ष/अ) + ई^(–क्ष/अ)]

यात क्ष म्हणजे मध्यापासूनचं आडवं अंतर, य म्हणजे तळाच्याही अ इतकी खाली काढलेल्या आडव्या रेषेपासूनची उंची, आणि ई ही २.७१८ वाली संख्या. निम्मं अंतर म्हणजे क्ष = २२.७ घाल, आलेल्या उत्तरातून २३.३३ वजा कर. ११.९ येतात. तू १२ मोजलंस! कुत्र्याची साखळी, कागद आणि पट्टी एवढ्यावर.

तुझ्या बाजूने उभा राहणारा एक माणूस इतिहासात आहे, ख्रिस्तियान हायगेन्स, आणि तो तेव्हा तुझ्याच वयाचा होता. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं होतं की टांगलेल्या साखळीने अन्वस्त आखता येतो. मात्र ही जुळणी जवळपासची आहे आणि झोळ जितका कमी तितकी ती चांगली, हेही त्यानेच तिथे नोंदवलं आहे. म्हणून गॅलिलिओला साखळी कळली नव्हती असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. पुढे १६४६ साली नेदरलँड्समधल्या सतरा वर्षांच्या ख्रिस्तियान हायगेन्सने पॅरिसच्या मेर्सेन या विद्वानाला पत्राने कळवलं, की साखळी अन्वस्त असूच शकत नाही, आणि सिद्धताही दिली. पण मग ती आहे काय, हे त्याला तेव्हा सांगता आलं नाही. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) जन्मायचं होतं.

ते जन्मल्यावर १६९० मध्ये बाझेलच्या याकोब बेर्नुलीने लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात हा प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. १६९१ मध्ये तीन उत्तरं छापून आली : लायब्निझचं, याकोबचा धाकटा भाऊ योहानचं, आणि तोवर बासष्ट वर्षांच्या झालेल्या हायगेन्सचं. सतराव्या वर्षी अर्धवट राहिलेलं उत्तर पंचेचाळीस वर्षांनी पुरं झालं. या वक्राला साखळीच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं तेही हायगेन्सनेच. त्याचंच आजचं रूप म्हणजे कॅटनरी. योहानने पुढे एका पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिलं, की भावाला जे जमलं नाही ते आपण एका रात्रीच्या जागरणात सोडवलं. योहानची बुद्धी तेज होती यात शंका नाही. पण मला याकोबबद्दल जास्त माया वाटते. स्वतःला न सुटलेला प्रश्न त्याने झाकून ठेवला नाही, छापून सगळ्यांना विचारला.

तुझ्या ता. क. ला वेगळं उत्तर हवं. ते शेवटी देते.

प्रश्न : आमच्या गॅलरीत पाच मीटरची कपडे वाळत घालायची दोरी आहे. ओले कपडे टाकले की मध्ये झोळ पडतो आणि चादरी फरशीला लागतात. म्हणून दोरी ताणून बांधली, तर हूक भिंतीतून उपटून आला. पुन्हा बसवला, पुन्हा आला. कपडे तर तेवढेच असतात. मग आधी का टिकत होता?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, हुकाचा दोष नाही आणि गवंड्याचाही नसावा. धरून चालू की ओल्या कपड्यांचं वजन १२ किलो आहे आणि ते दोरीभर सारखं पसरलं आहे. अर्ध्या दोरीवर ६ किलो. ते वजन हुकापासून सरासरी सव्वा मीटरवर आहे, म्हणून हुकाभोवती त्याचा फिरवण्याचा जोर ६ × १.२५ = ७.५. त्याला तोलून धरतो तो मधला आडवा ताण गुणिले झोळ. म्हणजे आडवा ताण = ७.५ ÷ झोळ, झोळ मीटरमध्ये.

आता झोळ घालून बघा. २० सेंटिमीटर झोळ असेल तर हुकावर आडवा ताण साडेसदतीस किलोचा. १० सेंटिमीटर ठेवलात तर ७५ किलो. आणि ५ सेंटिमीटरवर आणलात तर १५० किलो! भिंतीतून बाहेर ओढणारा हाच ताण, आणि कपडे तेच १२ किलोचे. झोळ शून्य करायचा म्हटलं तर ताण अमर्याद लागेल, म्हणून जगातली कुठलीही दोरी वजन घेऊन पूर्ण सरळ राहू शकत नाही.

मला यात सगळ्यांत नवल वाटतं ते दोरीच्या लांबीचं. ५ सेंटिमीटरच्या झोळासाठी दोरी पाच मीटरपेक्षा जेमतेम सव्वा मिलिमीटर लांब लागते, २० सेंटिमीटरच्या झोळासाठी २१ मिलिमीटर. म्हणजे गाठ मारताना दोन सेंटिमीटर दोरी सैल सोडली, की हुकावरचा ताण पावपट होतो. ही दोन सेंटिमीटर सोडा. चादरी फरशीला लागत असतील तर दोन्ही हूक तेवढे वर घ्या. तेही जमत नसेल तर छतातून मधोमध एक आधार द्या. मग तेवढ्याच ताणात झोळ २० वरून ५ सेंटिमीटरवर येईल.

आणि कपड्यांचं वजन इथे आडव्या अंतरावर सारखं वाटलेलं आहे, म्हणून तुमची भरलेली दोरी मात्र खरोखर अन्वस्तच आहे.

प्रश्न : रोज लोकलने मुंबईला जातो. खिडकीतून ओव्हरहेड वायर बघत असतो. वरची तार दोन खांबांमध्ये झोळ खाते, खालची मात्र सरळ, आणि दोघींमध्ये बारीक उभ्या तारा. रेल्वेतला एक मित्र वरच्या तारेला 'कॅटनरी' म्हणतो. गणितातली कॅटनरी तीच का?
– एक प्रवासी, बदलापूर

उत्तर : हा प्रश्न माझ्या घरचा आहे. माझे वडील रेल्वेच्या ओव्हरहेड वायरच्या खात्यात कल्याणला होते आणि आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. कॅटनरी, ड्रॉपर, मास्ट, टॉवर वॅगन हे शब्द मी वरणभाताबरोबर ऐकले. पावसाळ्यात रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, "घाटात वायर तुटली." आई डबा भरेपर्यंत बाबांचे बूट चढलेले असायचे.

पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, ज्या तारेला घासत जातो ती खालची, काँटॅक्ट वायर. ती रुळाला समांतर राहिली पाहिजे. झोळ असेल तर वेगात पेंटोग्राफ तिच्यापासून सुटतो आणि ठिणग्या उडतात. पण वर ताईंना सांगितलं तेच इथेही लागू : वजन असलेली तार सरळ राहत नाही. यावर तोड अशी, की झोळ एका तारेने घ्यायचा आणि दुसरीला सरळ ठेवायचं. वरची तार झोळ घेते. तिला कमी-जास्त लांबीच्या उभ्या तारा, म्हणजे ड्रॉपर, लावून खालची तार टांगतात. मध्यावर ड्रॉपर आखूड, खांबाकडे लांब.

आजच्या २५,००० व्होल्टच्या मार्गांवर सरळ रुळावर दोन खांबांमध्ये जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर ठेवतात. खालची तांब्याची तार १०७ चौरस मिलिमीटर छेदाची, मीटरला सुमारे ०.९५ किलो. वरची ६५ चौरस मिलिमीटरची, मीटरला ०.६ किलोच्या आसपास. वरच्या तारेत ताण सुमारे १,००० किलोचा. कपड्यांच्या दोरीचाच हिशेब करा : १.५५ × ७२ × ७२ ÷ (८ × १,०००) = सुमारे १ मीटर झोळ. खांबापाशी दोन तारांमध्ये १.४ मीटर अंतर असतं, म्हणजे मध्यावर ४० सेंटिमीटरचा ड्रॉपर उरतो. उद्या खिडकीतून बघा.

तार उन्हाने लांबते, मग झोळ वाढत नाही का? तांब्याची ७५० मीटर तार तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे ३८ सेंटिमीटर लांब होते. ही लांबी खाऊन टाकायला ठरावीक अंतरावरच्या खांबांवर कप्प्या असतात आणि त्यांवरून जड चकत्यांची चळत लोंबत असते. दुपारी तार लांबली की चळत खाली येते, पहाटे गार पडली की वर जाते, आणि ताण सतत तेवढाच राहतो. बाबा थंडीतल्या सकाळी फलाटावरून चळतीकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, तार आखडली."

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. त्याचा माझ्या मागच्या महिन्यातल्या चुकीशी संबंध आहे. बाबांच्या वहीत ड्रॉपरच्या लांबींच्या याद्या असायच्या. अकरावीत असताना एक यादी घेऊन मी वजाबाक्या करत बसले होते. वर सांगितलेल्या आजच्या मापांवर, मध्यापासून ९-९ मीटरवर ड्रॉपर धरून तुम्हीही करा : ४०, ४६.२५, ६५, ९६.२५ सेंटिमीटर. लागोपाठचे फरक ६.२५, १८.७५, ३१.२५. त्या फरकांचे फरक १२.५ आणि १२.५. दुसरे फरक सारखे आले की तो अन्वस्त, हे शाळेत शिकले होते. मी उड्याच मारल्या. बाबांची कॅटनरी म्हणजे पुस्तकातला अन्वस्त! बाबांनी वही परत घेताना "हां, असेल" एवढंच म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी आलेख कागदांचा गठ्ठा घेऊन आले.

वजाबाक्या बरोबर होत्या. चुकलं ते पुढचं पाऊल. त्या तारेला बहुतेक वजन ड्रॉपरमधून, दर आडव्या मीटरमागे सारखं मिळतं, म्हणून ती अन्वस्त. मी मात्र त्यावरून लोंबणारं सगळंच अन्वस्त असं मनात धरून बसले, आणि तेच इतक्या वर्षांनी झेंडूच्या माळेवर उतरलं. माळेत फुलं माळेच्या लांबीवर ओवलेली असतात. ती कॅटनरी.

तेव्हा रेल्वेची कॅटनरी नावाने कॅटनरी, पण आकाराने जवळजवळ अन्वस्त. खरं तर इतक्या कमी झोळाला दोन्हींत फरक उरतच नाही. ७२ मीटरमध्ये एक मीटर झोळ असलेली नुसती तार घेतली, तरी निम्म्या वाटेवर कॅटनरी आणि अन्वस्त यांत अंतर पडतं मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. कराडच्या भिंतीवर ते ९१ सेंटिमीटरमध्ये तीन सेंटिमीटर पडलं, कारण तिथे झोळ खोल होता. गॅलिलिओ म्हणत होता ते हेच.

प्रश्न : झुलत्या पुलाची मुख्य केबल कॅटनरी की अन्वस्त?
– एक अभियांत्रिकी विद्यार्थी, पणजी

उत्तर : बांधताना नुसती केबल टांगलेली असते तेव्हा कॅटनरी. खाली रस्ता टांगला की त्याचं वजन केबलपेक्षा जास्त आणि आडव्या अंतरावर सारखं, म्हणून आकार अन्वस्ताकडे सरकतो. सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा मधला गाळा १,२८० मीटरचा आहे. त्याच्या केबल्सनी बांधकामाच्या काळात हा प्रवास केला.

प्रश्न : मी चाळीस वर्षं बांधकामात आहे. दगडी कमान अर्धगोलच का काढतात? साखळी उलटी केली की सर्वांत मजबूत कमान मिळते असं एका इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, पण कारण सांगितलं नाही.
– एक ठेकेदार, कोल्हापूर

उत्तर : काका, त्यांनी सांगितलं ते खरं आहे. कारण असं. साखळीला ढकलता येत नाही, ओढता येतं. तिच्या प्रत्येक कडीत फक्त ताण, आणि तोही कडीच्याच दिशेने. आता तो आकार जसाच्या तसा उलटा करा. वजनाची दिशा तीच राहिली, आकार उलटला, म्हणून प्रत्येक ताणाच्या जागी तेवढाच दाब आला, तोही कमानीच्याच दिशेने. दगडाला नेमकं हेच मानवतं. तो दाबाला पक्का, ओढीला कच्चा. दगड दगडावर नीट बसून राहतो, सांधा उघडत नाही.

इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये ही गोष्ट एका पुस्तकाच्या शेवटी छापली, पण अक्षरं उलटसुलट करून, कोड्याच्या रूपात. उलगडा त्याच्या मरणानंतर बाहेर आला. लॅटिनमधल्या त्या ओळीचा अर्थ : लवचीक दोरी जशी लोंबते, तशीच पण उलटी, ताठ कमान उभी राहते. म्हणजे तत्त्व हाती आलं तेव्हा वक्राचं समीकरण अजून कोणालाच माहीत नव्हतं. ते सोळा वर्षांनी आलं.

अर्धगोल काढतात कारण दोरी आणि खुंटीने तो आखता येतो आणि सगळे दगड एकाच साच्यात घडतात. तो उभा राहतो तो जाडीमुळे. मनातल्या मनात उलटी साखळी कमानीत ठेवून बघा. ती दगडांच्या जाडीत कुठेही बाहेर न पडता मावली, तर कमान टिकते. बाहेर पडत असेल तर तिथे सांधा उघडतो, आणि तुम्ही गाळ्यांवर भिंतीचा भार किंवा बाजूला भराव देता तो त्या साखळीला आत ढकलण्यासाठीच. तुम्ही हे चाळीस वर्षं हाताने करत आला आहात.

रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला तडे गेले तेव्हा जिओव्हानी पोलेनी या इटालियन गणितज्ञाने हेच केलं. घुमटाच्या एका फाकेचे भाग पाडले, प्रत्येकाच्या वजनाच्या प्रमाणात गोळ्या दोरीत ओवल्या आणि दोरी टांगली. उलटा केलेला तो वक्र घुमटाच्या जाडीत मावत होता. म्हणजे तडे असले तरी घुमट पडणार नव्हता. हे त्याने १७४८ मध्ये छापलं. गोळ्या सारख्या वजनाच्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. घुमट सगळीकडे सारखा जड नाही, म्हणून दोरीही तशीच भरली. इथेही आधी विचारायचं ते हेच, की वजन कशावर वाटलं आहे. बार्सिलोनाजवळ कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी गाउदी या वास्तुकाराने तर दोऱ्यांचं जाळंच छतापासून टांगलं, त्याला शिशाचे छरे भरलेल्या पिशव्या बांधल्या, फोटो काढून ते उलटे केले. त्या चर्चचा तळमजलाच बांधून झाला, पण तिथल्या तिरक्या खांबांत ती दोरी अजून दिसते.

आणि अमेरिकेत सेंट लुईसला १९६५ मध्ये पूर्ण झालेली पोलादी कमान आहे, ६३० फूट उंच आणि तेवढीच रुंद. तिला लोक कॅटनरी म्हणतात, पण ती शुद्ध कॅटनरी नाही. पायाशी जाड आणि माथ्याशी बारीक असल्यामुळे, पोलेनीच्या गोळ्यांसारख्या कमी-जास्त वजनाच्या साखळीचा तो आकार आहे.

आता कराडचा ता. क.

प्रत्येक खिळ्यावर २४० ग्रॅम, हे तुझं म्हणणं निम्मं बरोबर आहे. खाली ओढणारा भार तेवढाच. पण साखळी खिळ्यांना एकमेकांकडेही ओढते. तुझी साखळी १६० सेंटिमीटरला ४८० ग्रॅम, म्हणजे सेंटिमीटरला ३ ग्रॅम. आडवा ताण म्हणजे अ लांबीच्या साखळीचं वजन : २३.३३ × ३ = ७० ग्रॅम. उभा २४०, आडवा ७०, दोघं काटकोनात. पायथागोरस लाव : ५७,६०० अधिक ४,९०० म्हणजे ६२,५००, वर्गमूळ २५०. तू नकळत निवडलेल्या मापांत ७, २४, २५ चा त्रिकोण होता. पत्र वाचताना हे लक्षात आलं आणि मी वही घेऊन पुन्हा करून पाहिलं.

हे प्रत्येक साखळीत असतं, आकडे इतके सुरेख निघोत न निघोत. अ चा वर्ग अधिक तळापासूनच्या साखळीच्या लांबीचा वर्ग म्हणजे य चा वर्ग. आणि कुठल्याही कडीतला ताण म्हणजे य एवढ्या लांबीच्या साखळीचं वजन. तुझ्या भिंतीवर तळाच्या २३.३ सेंटिमीटर खाली एक आडवी रेघ मार. साखळीतल्या कुठल्याही कडीपासून त्या रेघेपर्यंत उभी उंची मोज, तिला ३ ने गुण. आलेला आकडा म्हणजे त्या कडीतला ताण, ग्रॅममध्ये. खिळ्यापाशी उंची ८३.३ येईल, म्हणजे पुन्हा २५०.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्प्रिंगचा ताणकाटा माग. एका खिळ्यावरून साखळी सोडवून काट्याच्या आकड्यात अडकव आणि कडी नेमकी खिळ्याच्याच जागी धर. काटा सरळ वर धरू नकोस. साखळी जिथून येते त्याच रेषेत, आडव्याशी सुमारे ७४ अंशांत तिरका धर. काय दिसतं ते पुढच्या पत्रात कळव. आणि तोवर मोत्याला दोरीने बांध.